पहिलं वर्ष पाहुणं

झाडांच्या मंडळाचे नियम सतरा होते आणि त्यातले सोळा सगळे जण येता-जाता मोडायचे. सभेला वेळेवर यावं, खुरपी धुऊन परत ठेवावी, दुसऱ्याच्या कुंडीत न विचारता बोट घालू नये, हे सगळं कागदावर होतं आणि कागदावरच राहिलं होतं. पण सतरावा नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. गड्डा फोडताना घरचा वाटा ठेवायचा, असा तो नियम होता.

वर्षानुवर्षं जगणारी फुलझाडं थंडीत वरून मरतात आणि खालून जिवंत राहतात. तीन-चार वर्षांत त्यांचा गड्डा मातीखाली इतका फुगतो की मुळांना अंग हलवायलाही जागा उरत नाही. मग तो खणून काढायचा, सुरीने त्याचे तुकडे करायचे आणि ते मंडळाच्या रोपविक्रीला द्यायचे. त्यातला एक तुकडा मात्र होता त्याच खड्ड्यात परत लावायचा, म्हणजे बाकीचे लोकांच्या घरी मेले तरी बीज बुडत नाही. मंडळाच्या प्रमुख मास्तरीणबाई माणसाची पारख याच नियमावरून करत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांना अजून सगळं जग तिसरीच्या वर्गात बसलेलं दिसायचं.

विक्रीच्या दिवशी गिऱ्हाईक विचारायचंच, की फुलं कधी येणार? त्यावर मंडळाचं ठरलेलं उत्तर होतं. पहिलं वर्ष पाहुणं, दुसरं वर्ष भाडेकरू, तिसरं वर्ष मालक. तोवर धीर धरा.

घड्याळजी या मंडळातले नव्हते. मंडळात त्यांची बायको होती आणि घड्याळजी विक्रीच्या दिवशी टेबलं उचलायला हक्काचे हमाल होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर टिकटिक ऐकत बसायचे आणि घरी आले की बायको म्हणायची, "वाजले किती ते सांगू नका. भूक लागलीय का ते सांगा." लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी हेच वाक्य. 'नका' झाल्यावर ती किंचित थांबायची, आणि मग पुढचं बोलायची.

तिचं लाडकं झाड होतं जांभळी. मास्तरीणबाईंना त्याचं शास्त्रीय नाव पाठ होतं, पण हाक मारल्यावर जे वळूनही बघत नाही त्याला एवढं लांबलचक नाव कशाला, असं बायकोचं मत होतं. रोज सकाळी वेणी घालून झाली की ती कंगव्यातला गुंतवळ काढायची, बोटाला गुंडाळायची आणि जांभळीच्या बुंध्याशी पुरायची. सव्वीस वर्षं. केस तुटतील म्हणून जांभळीचा गड्डा तिने कधी फोडला नव्हता. केस कुजायला वेळ लागतो, झाड त्याला सावकाश खातं, असं तिचं म्हणणं. घड्याळजी चिडवायचे, की एक दिवस या झाडाची वेणी घालावी लागेल तुला.

ती गेली तेव्हा थंडी होती आणि जांभळीही जमिनीखाली गेलेली होती. घड्याळजींनी तिकडे बघितलंच नाही. दोन महिन्यांनी ऊन तापायला लागलं आणि एका सकाळी मातीतून लाल टोकं वर आलेली त्यांना दिसली, ओळीने, टवटवीत, जणू काही घडलंच नव्हतं. त्यांना राग आला. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. ती येत नाही आणि हे येतं, हा कुठला न्याय? त्यांनी फावडं आणलं आणि सगळा गड्डा उपटून काढला.

मुळं आणि केस एकमेकांत असे गुंतले होते की कुठलं काय ते कळेना. तळाशी केस काळे होते, मध्ये करडे, वरच्या थरात पांढरे. पाव कापायच्या सुरीने ते तुटेनात, ओढावे लागले. ओढताना गुंत्यात कंगवा अडकल्यासारखा करकर आवाज झाला. घड्याळजी घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. पाच तुकडे झाले, पाच कुंड्या भरल्या. खड्डा त्यांनी बुजवला आणि त्यावर एक फरशी टाकली.

वाचनालयाच्या अंगणात विक्री होती. मास्तरीणबाईंनी कुंड्या बघितल्या, प्रत्येकीत नावाची काडी खोचली आणि चष्म्यावरून विचारलं, घरचा वाटा ठेवलात ना? घड्याळजींनी मान डोलावली. तिसरीतल्या मुलासारखी त्यांची मान आपोआप डोलली. अर्ध्या तासात पाचही कुंड्या संपल्या. त्यांनी टेबलं उचलली, घरी आले आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

पहिली गोष्ट कानावर आली ती दोन महिन्यांनी, शिंपीणबाईंच्या दुकानात. घड्याळजींच्या पँटी कमरेत सैल झाल्या होत्या, त्या आवळायला ते गेले होते. शिंपीणबाई मशीन चालवता चालवता गुणगुणत होत्या. बायको एक चाल अशीच गुणगुणायची, कुठली कोण जाणे, दुसरी ओळ तिला येतच नव्हती. ठरावीक जागी ती अडायची, दोनदा 'हं हं' करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक दात तुटलेलं चाक जसं फिरता फिरता दर वेळी त्याच जागी घसरतं, तसं. शिंपीणबाई त्याच जागी घसरल्या. हं हं. पुन्हा पहिल्यापासून.

घड्याळजींनी विचारलं, ही चाल कुठली? शिंपीणबाई म्हणाल्या, काय माहीत, हल्ली तोंडात बसलीय. त्यांच्या खिडकीत जांभळीची कुंडी होती.

भुताखेतांवर घड्याळजींचा विश्वास नव्हता. घड्याळ बंद पडलं तर आत कचरा असतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण कानाला फसवणार कसं? समोर राहणारा बसकंडक्टर दाराला नुसती कडी लावून कामावर पळणारा गडी होता. आता तो रोज कुलूप लावायचा, दहा पावलं चालायचा, परत यायचा, कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि मग निघायचा. बायको अगदी अशीच दहा पावलांवरून परत यायची. आणि मास्तरीणबाईंकडे चहाला बोलावणं झालं तेव्हा त्यांनी साखर ढवळून चमचा कपाच्या काठावर वाजवला. टक टक, मग थोडी उसंत, मग टक. हा ठोका त्यांनी तीस वर्षं रोज ऐकला होता.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही, आनंद झाला. ती गावात होती. वाटली गेली होती, पण होती. काही ना काही निमित्त काढून ते जांभळीची कुंडी असलेल्या या तीन घरी चकरा मारू लागले. शिंपीणबाईंना वाटलं, या माणसाला पँटींचं वेड लागलं.

चौथी कुंडी दातांच्या डॉक्टरांनी नेली होती. घड्याळजी तिथे गेले तेव्हा कुंडीत नुसता काळा चिखल होता. तिथल्या बाईने रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं होतं, लाडाने मारलं होतं. ती हळहळली आणि सहज बोलून गेली, की डॉक्टर आमचे एरवी एरंडेल प्यायल्यासारखे, पण मध्यंतरी महिनाभर खूप हसायचे. हसून झालं की श्वास आत ओढायचे, गंमतच वाटायची. झाड कुजलं आणि ते परत होते तसे झाले.

हसून झाल्यावर श्वास आत ओढणं. घड्याळजी रस्त्यातच उभे राहिले आणि बायकोचं हसणं आठवू लागले. तोंड उघडलेलं दिसलं. मिटलेले डोळे दिसले, पुढचा किंचित तिरका दातही दिसला. आवाज आला नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, एकेक प्रसंग उकरून काढला, पण कुठल्याच आठवणीत आवाज नव्हता. तो कायमचा गेला होता, आणि कुजवणाऱ्या बाईइतकाच त्यात त्यांचाही हात होता. घरचा वाटा ठेवला असता तर?

उरलेल्या कुंड्याही कोणाच्या तरी लाडाने नाहीतर आळसाने मरणार, आणि एकेक करून ती त्यांच्या डोक्यातूनही पुसली जाणार. त्याआधी सगळे तुकडे परत आणायला हवे होते.

त्यांनी थाप मारली. मुळांना रोग लागलाय, तुमच्या बाकीच्या झाडांनाही लागेल, कुंडी मला परत द्या. कंडक्टरने लगेच दिली. शिंपीणबाईंनी कुरकुरत दिली. मास्तरीणबाईंनी कुंडी उलटी केली, मुळं बोटांनी मोकळी करून पाहिली आणि मग घड्याळजींकडे पाहिलं.

"रोग नाहीये हा. घरचा वाटा ठेवला नव्हतात ना?"

"नव्हता ठेवला," घड्याळजी म्हणाले.

मास्तरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळेच घड्याळजींना जास्त लाज वाटली. कुंडी हातात देताना त्या म्हणाल्या, "न्या. पण झाड ज्या मातीत राहतं, तिचंही थोडं धरून ठेवतं. परत आणताना सोबत काय येतंय ते बघा." पाचवी कुंडी कोणी नेली, हे त्यांनीच सांगितलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने.

घड्याळजींनी फरशी उचलली आणि तिन्ही तुकडे जुन्या खड्ड्यात लावले. आठवड्याभरात घर बोलायला लागलं. दुपारी चारला रिकाम्या स्वयंपाकघरातून टक टक यायचं, थोड्या उसंतीने टक. सकाळी ते दुकानाला निघाले की मागे दाराशी दहा पावलं जायची आणि परत यायची. संध्याकाळी खिडकीपाशी ती चाल सुरू व्हायची आणि अडायची. घड्याळजी दिवा न लावता बसून ऐकायचे. आत जाऊन बघायचं धाडस मात्र त्यांनी केलं नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर?

मग एका संध्याकाळी ती चाल अडली नाही. तुटलेल्या दातावरून चाक सरळ पुढे गेलं आणि दुसरी ओळ आली, तिसरी आली, एक आख्खी अंगाई झाली. बायकोला ही अंगाई येत नव्हती. त्यांच्या घरात ती म्हणायची वेळच कधी आली नव्हती. घड्याळजींच्या अंगावर सरसरून काटा आला. घरात दुसरंच कोणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी ते पँट घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. दुकानात नुसती मशीन वाजत होती. त्यांनी विचारलं, हल्ली गात नाही का? शिंपीणबाईंनी पाय थांबवला. त्या म्हणाल्या, माझी आई एक अंगाई म्हणायची, मी माझ्या तिन्ही पोरांना तीच म्हटली. काल नातवाला मांडीवर घेतलं आणि तोंड उघडलं, तर काही आलंच नाही. चालही नाही, शब्दही नाहीत. वय झालं बहुतेक. एवढं बोलून त्यांनी खाली मान घातली आणि पुन्हा मशीन चालवली.

ती अंगाई आपल्या खिडकीत आहे, हे घड्याळजींना सांगता आलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? आपण एका बाईचा आवाज चोरला, हे कळूनसुद्धा त्यांचे पाय घराकडे वळले नाहीत. औषधवाल्याकडे वळले. माणूस असाच असतो, एक हात पोळला की दुसरा घालून बघतो. कारण घरात सगळं होतं, पण तिचं बोलणं नव्हतं. ते वाक्य नव्हतं. पिशवीत पाव कापायची सुरी होती आणि जिभेवर रोगाची थाप तयार होती.

औषधवाल्याचं घर दुकानाच्या वरच. गॅलरीत वेताच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते, पायाशी जांभळीची कुंडी. म्हाताऱ्याला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. औषधवाला घड्याळजींना बघून खूश झाला आणि न विचारता सांगू लागला. दोन वर्षं शब्द नाही हो, आणि ही कुंडी आणून पंधरा दिवस झाले नसतील, बाबा बोलले. एकच वाक्य बोलतात, रोज संध्याकाळी. डॉक्टरही चाट पडले. आम्ही सगळे त्या वेळेला इथे येऊन बसतो. माझी मुलगी तर शाळेतून आली की आधी आजोबांकडे धावते. एवढं सांगून तो खुर्ची आणायला आत गेला.

म्हाताऱ्याने मान वळवून घड्याळजींकडे बघितलं.

"वाजले किती ते सांगू नका," तो म्हणाला. मग किंचित थांबला. "भूक लागलीय का ते सांगा."

आवाज जाडाभरडा, पुरुषाचा, एका बाजूने घसरणारा. पण मधली उसंत तिची होती. घड्याळजी खाली बसले. ते रडले, आणि रडता रडता त्यांनी कुंडी पुढे ओढून कलती केली. मुळांच्या जाळ्यात तिचे केस होते आणि त्यातच बारीक, राठ, पांढरे केस अडकले होते. न्हावी म्हाताऱ्याची हजामत याच गॅलरीत करत असणार. दोघांचं आता वेगळं काढता आलं नसतं.

"घेऊन जाऊ का?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्याने चालता हात उचलला आणि कुंडीच्या काठावर ठेवला. कुंडी ओढली नाही, ढकलली नाही. हात नुसता ठेवला. घड्याळजींना ओरबाडलेला खड्डा आठवला आणि विक्रीच्या दिवशी खोटीच डोललेली आपली मान आठवली.

औषधवाला खुर्ची घेऊन बाहेर आला तेव्हा गॅलरीभर माती झाली होती. घड्याळजी थाप मारणार होते, पण खरं तेच बोलले. म्हणाले, गड्डा फोडलाय. मोठा भाग तुमच्या कुंडीत परत लावलाय, तो घरचा वाटा. लहान मी नेतोय. औषधवाल्याला यातलं काही कळलं नाही, तो म्हणाला, न्या की, झाडच तर आहे.

त्याच आठवड्यात घड्याळजींनी खड्ड्यातले बाकीचे तुकडेही फोडले आणि घरोघर अर्धे नेऊन दिले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या कुंडीत नवी काडी खोचली आणि तिच्यावर लिहिलं, पहिलं वर्ष. शिंपीणबाईंच्या तोंडात चाल परत आली, पण अंगाई अर्धीच आली. उरलेली अर्धी नातू आपल्या मनाने काहीतरी जोडून म्हणायचा आणि त्या हसायच्या. घड्याळजींना त्यातही आपला गुन्हा ऐकू यायचा.

औषधवाल्याकडून आणलेल्या लहान तुकड्याला नवव्या दिवशी लाल टोक आलं. त्या संध्याकाळी घड्याळजी दुकान बंद करून घरी आले, दार लोटलं आणि आतून आवाज आला. तिचा. स्वच्छ, तिचाच.

"वाजले किती ते सांगू नका."

घड्याळजी उंबऱ्यात थांबले. उसंत आली. ती लांबत गेली. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची टिकटिक ऐकू आली, पुढचं वाक्य आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेवढंच, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. पूर्ण होणारच नव्हतं ते. त्यांनी स्वतःच्या हाताने मधोमध कापलं होतं.

चौथ्या दिवशी ते अर्धं ऐकून झाल्यावर त्यांनी पुन्हा चपला घातल्या. कुलूप लावलं, दहा पावलं गेले, परत आले, तीनदा ओढून बघितलं. आपण काय केलं ते गल्लीच्या टोकाशी त्यांच्या लक्षात आलं. कोपऱ्यावर औषधवाला पायरीवर हिरमुसून बसला होता. बाबांचं बोलणं कमी झालंय, म्हणाला, निम्मंच बोलतात, आणि कोणाची तरी वाट बघितल्यासारखे जिन्याकडे बघत राहतात. घड्याळजी वर गेले.

म्हातारा जिन्याकडेच बघत होता. घड्याळजी समोर येऊन उभे राहिले, धाप लागलेली, तेव्हा त्याचे ओठ हलले.

"भूक लागलीय का ते सांगा."

तीस वर्षं या प्रश्नाला घड्याळजींनी धड उत्तर दिलं नव्हतं. घड्याळाकडे बघून नुसतं हं म्हणायचे आणि पाटावर बसायचे.

"लागलीय," ते म्हणाले. "फार लागलीय गं."